पाक झाल्याचं कोण सांगणार

१६ डिसेंबर २०२५, मंगळवार

आज राजेंद्रशेठांनी होकार दिला. म्हणजे मी आता बेकार नाही. हिंजवडीच्या कंपनीने आम्हा अकरा जणांना एका मेलवर घरी बसवलं त्याला चार महिने झाले, आणि ह्या चार महिन्यांत आमच्या कुरवंडे गावातल्या प्रत्येकाने मला एकदा तरी गाठून विचारलं, की यशोधरे, आता पुढे काय. पुढे हे. लोणावळ्यातल्या त्यांच्या चिक्कीच्या कारखान्यात गुळाच्या पाकाची एक कढई माझ्या प्रोग्रामवर चालणार. पाक तयार झाला की गॅस आपोआप बंद, वरून शेंगदाणे पडणार, पातं फिरणार. व्हॉल्व्ह आणि वायरिंग गौरव बघणार. तोही त्या अकरांतलाच.

माझी आत्या आक्काबाई ह्याच कारखान्यात तीस वर्षं कामाला आहे. शेठच्या केबिनमधून बाहेर आले तेव्हा ती कढईपाशी उभी होती. तिला बातमी सांगितली. तिने पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकला, बोटांनी उचलून कानाजवळ नेला, कट्कन मोडला आणि म्हणाली, "बरं." नुसतं बरं. कौतुक करायला आमच्या घरात तोंड दुखतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

पहिल्या दोन दिवसांत लिहिलेलं सगळं आज फेकून दिलं. कढईच्या कोडच्या पोटातच मी थर्मामीटर बसवून ठेवला होता. म्हणजे कोड चालवून बघायचा तर खरा थर्मामीटर हवा, खरा गॅस हवा, खरा गूळ हवा. एक चूक सुधारायची तर एक ढेप वितळवा. असलं काम मी करणार नाही.

पुन्हा लिहिलं. रस्ट ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत ट्रेट नावाची सोय आहे. ट्रेट म्हणजे करार. मी 'पारखी' नावाचा करार लिहिला. त्यात एकच प्रश्न: पाक झाला का? उत्तर हो किंवा नाही. ज्याला ह्या प्रश्नाचं उत्तर देता येतं तो पारखी, मग तो कोणी का असेना. कढईने त्याचं नावगाव विचारायचं नाही. ही भाषा मला आवडते त्याचं हे एक कारण आहे.

आणि दुसरी गोष्ट. कढईने आत बसून आपला पारखी आपणच बनवायचा नाही. तो बाहेरून तिच्या हातात द्यायचा. तुला जे लागतं ते आधी, उघडपणे, दारातून मागून घे. दिलं नाही तर कंपायलर प्रोग्राम तयारच करत नाही, उगाच चालवून बघू वगैरे काही नाही. त्यामुळे आज मी एक खोटा थर्मामीटर लिहिला. मी सांगेन ते आकडे तो बोलतो आणि कढईला वाटतं खराच आहे. एक चमचा गूळ न वितळवता चाळीस टेस्ट चालवल्या. चाळीसही पास.

गौरव म्हणाला, कढई चालवणाऱ्या एवढ्याशा सर्किट बोर्डावर हा थाट कशाला. मी त्याला मोजून दाखवलं. कुठला पारखी लागणार हे प्रोग्राम बनतानाच ठरतं, चालताना एक बाइटसुद्धा जास्त लागत नाही. मग तो गप्प बसला. गौरव गप्प बसला की मला दोन दिवस बरं वाटतं.

२४ डिसेंबर, बुधवार

तीन कढया. तिन्ही उत्तम. थर्मामीटरने एकशे बेचाळीस अंश दाखवले, गॅस बंद, दाणे पडले, पातं फिरलं. शेठनी तुकडा मोडून खाल्ला आणि मान डोलावली. हिंजवडीच्या त्या मेलला हे माझं उत्तर आहे.

फक्त आत्याचं काही कळत नाही. तिला सांगितलं होतं की आज मशीनला करू दे, तू पॅकिंगला बस. तरी दर कढईला शेवटी शेवटी येऊन शेगडीजवळ घुटमळत होती. फडकं घे, खाली वाक, उगाच काहीतरी पूस. माझ्या आणि बोर्डाच्या मध्येच. एकदा मी चिडून म्हणाले, "आत्या, सर ना जरा." तर म्हणाली, "सरते की." आणि सरली नाही. वाईट वाटतं लिहायला, पण माझं चांगलं झालेलं तिला बघवत नाही की काय असं आज मनात आलं.

दुपारी मुंबईचे कोणी पाहुणे कारखाना बघायला आले. पाहुणे आले की कढईपाशी कोंडाजी पांढरी टोपी घालून उभा राहतो आणि आत्याला आत पॅकिंगला पाठवतात. हे मी इतकी वर्षं ऐकत आले, आज डोळ्यांनी पाहिलं. शेठ म्हणाले, "हे आमचे कारागीर." कोंडाजी भला माणूस आहे, पण त्याचं काम ढवळण्याचं. आठ वर्षांपूर्वी जुने कारागीर भिकाजीबाबा गेले तेव्हापासून पाक आत्याच करते. टोपी तिच्या डोक्यावर का नाही, हे आमच्या वस्तीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

२९ डिसेंबर, सोमवार

शेठनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की एक तारखेला दिवसभर कढई पूर्ण मशीनवर चालवायची. ते जमलं तर संक्रांतीच्या आधी सगळं कायम. "आणि मग आक्काबाईची कढईची कटकट संपली. वय झालंय तिचं, बसू दे पॅकिंगला." हे ते इतक्या मायेने म्हणाले की मलाही क्षणभर चांगलंच वाटलं.

घरी येताना सुचलं, की एक तारखेला आत्या नसतेच. ती दरवर्षी भीमा कोरेगावला जाते, आजारी असली तरी जाते. कारखान्यात सगळ्यांना ते माहीत आहे. म्हणजे शेठनी मुद्दाम तोच दिवस धरला. धरू देत. माझं मशीन तिच्यावर थोडंच चालतं?

आत्याला पॅकिंगचं सांगितलं तर म्हणाली, "म्हाईत हाय मला. कवाच बोलल्यात ते." मला वाटलं होतं भांडेल.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

घरातले सगळे पहाटे कोरेगावला गेले. मी गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदा. भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेतून स्कूटर काढत नऊ वाजता कारखान्यात पोचले.

पहिली कढई करपली. दुसरी करपली. तिसऱ्या वेळी मी आकडा सहा अंशांनी खाली आणला, तरी पाक काळपट आणि कडू. बाहेर दुकानात नव्या वर्षाची गर्दी, आत काळा धूर. शेठ दोनदा येऊन कढईत नुसतं बघून गेले. बोलले असते तर बरं झालं असतं. शेवटी कोंडाजीने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "ताई, आज ऱ्हाऊ द्या. उद्या आक्काबाई आल्यावं बगू."

मला त्याचा इतका राग आला की सांगता येत नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

सकाळपासून कोडमधली चूक शोधत होते. चूक नाही. चाळीस टेस्ट आजही पास. मग बोर्डाने जपून ठेवलेले तापमानाचे आकडे काढले आणि कागदावर रेघा ओढल्या. आधीच्या तिन्ही कढयांमध्ये रेघ शेवटी शेवटी मंदावते, चढ कमी होतो. कालच्या रेघा शेवटपर्यंत सरळ वर गेल्या आहेत. शेगडी तीच, व्हॉल्व्ह तोच. त्या तिन्ही वेळा शेगडीजवळ कोण घुटमळत होतं ते आठवलं. मग उठून आत्याच्या घरी गेले.

ती अंगणात पाय शेकत बसली होती. जय भीम केला, कोरेगावला गर्दी किती होती ते विचारलं, मग म्हणाले, "आत्या, त्या दिवशी माझ्या कढईचा गॅस तू कमी केलास?"

"कवा?"

"तिन्ही वेळा."

"मंग काय करू? तुजी ती सळई लय सावकाश बोलती. पाक फुडं जातो न् ती मागनं येती. जाळ बारीक केला की मंग दोगं बरोबरीनं येत्यात."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस का? सर म्हनलीस मला."

मी तिच्याजवळ खाली बसले. म्हणाले, "मशीन चाललं की तुला कढईवरून काढणार हे तुला माहीत होतं. तरी?"

"माज्या पोरीची पयली कढई करपली असती तर लोकं काय म्हनली असती? पोरगी चुकली म्हनली नसती. ह्यांच्यातल्यांला येतच न्हाई म्हनली असती. ते मी ऐकून घ्येनार व्हते व्हय?"

मी रडले. तिने रडू दिलं, मग म्हणाली, "उठ आता, च्या टाक."

घरी आले ते वेगळ्याच रागात. माझ्या कढईला आत्या लागत होती आणि ती कुठल्याच करारात नव्हती. थर्मामीटर मी मोठ्या ऐटीत दारातून आत आणला, आणि खरं काम करणारी बाई कोणी न लिहिता, कोणी न मागता, आत राबत होती. कंपायलरने हरकत घेतली नाही कारण मी त्याला तिच्याबद्दल सांगितलंच नव्हतं. माझा खोटा थर्मामीटरही मी मला हवा तसा शहाणा बनवला होता, कधी उशिरा बोलणारच नाही असा. मला नियम तोंडपाठ होता. लागतं ते उघड मागून घ्या. आणि मीच तो मोडला. शेठ तर आठ वर्षं मोडतायत.

५ जानेवारी, सोमवार

शनिवारी गौरवने उपाय काढला: थर्मामीटर उशिरा बोलतो ना, मग गॅस बारा अंश आधीच बंद करू. दोन कढया चांगल्या झाल्या. तिसऱ्या ढेपेचा गूळ जरा ओला होता, चिक्की दाताला चिकटली. दर ढेपेला वेगळा आकडा लागणार, आणि तो आकडा फक्त एका माणसाला ढेप हातात घेऊन कळतो.

मग माझ्या करारात हेच तर लिहिलंय. ज्याला उत्तर देता येतं तो पारखी. आज मी नवा पारखी लिहिला. एक बटण. आत्या थेंब पाण्यात टाकणार, मोडणार, पाक झाला तर बटण दाबणार. बटण म्हणजे हो. अकरा ओळी लागल्या. कढईच्या कोडमध्ये एक अक्षर बदलावं लागलं नाही. जिथे थर्मामीटर हातात देत होते तिथे आत्या दिली. एवढं साधं होतं.

थर्मामीटर काढला नाही. तो फक्त पहाऱ्याला ठेवला. पाक जळायला लागला तर गॅस बंद करेल, म्हणजे आग लागणार नाही. पण दाणे तो पाडणार नाही. पाक झाला हे सांगायचा अधिकार त्याला नाही.

आत्याला नेऊन दाखवलं. वाटलं, आता तरी खूश होईल. तिने बटण दोनदा दाबून पाहिलं.

"हे दाबायला मला कुनी सांगितलं?"

"मी."

"तू कोन? शेठच्या मस्टरात मी प्याकिंगची हाय. तीस वर्सं प्याकिंग. प्याकिंगच्या बाईनं कढईचं बटन दाबायचं व्हय?"

"आत्या, प्रोग्राममध्ये मी तुला कारागीर केलंय."

"तुज्या पोग्रामात केलंस. चांगलं केलंस." आणि बटण पुसून माझ्या हातात परत दिलं.

माझा चेहरा पडला तो तिला दिसला असणार, पण तिने तसं दाखवलं नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

शेठसमोर आज पाऊण तास उभी राहिले. बसा म्हणाले नाहीत, मीही बसले नाही.

बटण त्यांना चाललं. संक्रांत पाच दिवसांवर आहे, सोमवारी पुण्याच्या हॉटेलवाल्यांची माणसं मशीन बघायला येणार आहेत, त्यांना दुसरा इलाज नाही. पण म्हणाले, एक सोय कर. आक्काबाईने बटण दाबलं नाही तर मशीनने आपलं आपण थर्मामीटरवर जायचं. गौरवही मान हलवत होता. सगळ्या मशीनमध्ये अशी सोय असते म्हणे.

मी नाही म्हणाले. ती सोय ठेवली की महिन्याभरात आत्या पुन्हा पॅकिंगला आणि थर्मामीटर तिच्या नावावर खोटं बोलत बसणार. पारखी दिला नाही तर कढई चालणार नाही. माझ्या प्रोग्राममध्ये हे असंच राहील. नको असेल तर बोर्ड काढून देते, मी निघाले.

"यशोधरा, तू नवीन आहेस धंद्यात," शेठ म्हणाले. "इतकं ताणू नये."

"मग मस्टरमध्येही लिहा. आक्काबाई, कारागीर."

ते हसले. "कागदावर काय असतं? घरच्यासारखीच आहे ती आम्हाला."

"घरच्यासारखी आहे तर पाहुणे आल्यावर आत का जाते?"

ते हसायचे थांबले. सोमवारचं काम सोमवारी बघू, म्हणाले. बोर्ड मात्र काढायला सांगितला नाही.

बाहेर आत्या भेटली. सगळं ऐकलं असणार, त्या केबिनला दार नावालाच आहे. मला म्हणाली, "तू तुजं मशीन बग. मस्टराचं बोलू नगं. माजं मी बगते." तीस वर्षं मान खाली घालून काढली की माणूस असाच होतो. मी तिच्यासाठी भांडते आणि तीच मला गप्प बसवते. घाबरली ती. मला तिची दया आली आणि थोडा रागही.

१२ जानेवारी, सोमवार

हे मी नीट लिहून ठेवणार आहे, एकेक गोष्ट.

अकरा वाजता पाहुणे आले, दोन पुरुष आणि एक बाई. कढई चढलेली. कोंडाजी पांढरी टोपी घालून उभा. आत्या आत, पॅकिंगच्या टेबलापाशी. शेठनी मशीनची माहिती दिली आणि शेवटी आवाज न चढवता आत हाक मारली, "आक्काबाई, ये गं, पाक बघ."

ती आली नाही. चिक्कीला कागद गुंडाळत राहिली.

थर्मामीटर एकशे वीस दाखवत होता. शेठ आत गेले. मी मागोमाग गेले.

"अगं, चल ना."

"शेठ, मस्टरात मी प्याकिंगची हाय," आत्या म्हणाली. हात चालूच. "प्याकिंग करते. कढईचं कारागिराला इचारा."

"हे आता काढायचं का? नंतर बघू."

"मंग नंतरच येते."

शेठ माझ्याकडे वळले. "थर्मामीटरवर टाक."

"ती सोय नाही. शुक्रवारी सांगितलं होतं."

ते कढईकडे धावले. "कोंडाजी, तू दाब."

कोंडाजीने दोन्ही हात मागे घेतले. "शेठ, मला न्हाई त्यातलं कळत. आक्काबाई सांगती तवा मी ढवळतो." हे तो पाहुण्यांच्या देखत म्हणाला. मग टोपी काढून त्याने खुंटीला अडकवली.

एकशे तेहतीस. पाकाचे बुडबुडे बारीक व्हायला लागले होते. पाहुणी बाई विचारत होती, की काही अडचण आहे का. बोर्डाला लॅपटॉप जोडलेला होता. माझंच पहिलं काम, माझंच नाव, आणि थर्मामीटर पुन्हा कढईच्या हातात द्यायला मला दोन मिनिटंही लागली नसती. मी हात खिशात घातले.

शेठ केबिनमध्ये गेले आणि मस्टर घेऊन आले. पॅकिंगच्या टेबलावर ठेवलं, पेन काढलं, लिहिलं. "झालं? आता चला, अहो."

आत्याने मस्टर स्वतःकडे ओढून घेतलं. ती वाचते, पण सावकाश वाचते, अक्षरावर बोट ठेवून. आपलं नाव वाचलं. पुढचं वाचलं. बाहेरून कढईचा करपट वास यायला लागला होता. शेठ एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

"तारीख घाला," ती म्हणाली.

त्यांनी तारीख घातली.

"सई."

त्यांनी सही केली. मग ती उठली, नळाखाली हात धुतले, पदराला पुसले, डोक्याला फडकं बांधलं. कढईपाशी आम्ही पोचलो तेव्हा थर्मामीटरने गॅस बंद केला होता. दाणे पडले नव्हते. पाक काळा पडत होता.

आत्याने तरीही थेंब पाण्यात टाकला, उचलला, मोडला. सगळ्यांच्या देखत, रोजच्यासारखा. पाहुण्या बाईने शेठना विचारलं, "ह्या कोण?" शेठनी तोंड उघडलं, पण उत्तर आत्यानेच दिलं.

"मी हितली कारागीर. ही कढई गेली, ओता बाहीर. दुसरा गूळ आना, दुसरी चढवू. तुमी बसा मावशी, टाईम लागंल."

मी तिच्याकडे बघत राहिले. शुक्रवारी मी तिच्याबद्दल काय लिहिलं ते ह्याच वहीत आहे. ते मी खोडणार नाही, माझी लाज मला दिसत राहू दे.

कोंडाजीने करपलेली कढई उतरवली आणि शेठनी स्वतः गुळाची ढेप उचलून आणली. पाहुणे थांबले. पाऊण तासाने आत्याने बटण दाबलं.